नैरोबीचा लळा

काकतीतून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या वाटा ठरलेल्या आहेत. कुणी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होतो, कुणी पुण्याला कंपनीत लागतो, कुणी दुबई-मस्कत गाठतो. पुणे-बेंगळुरू महामार्ग गावाला घासूनच जातो, त्यामुळं जगाची वर्दळ आम्हाला नवी नाही. पण आफ्रिकेचं नाव आमच्या बोलण्यात कधी नव्हतं. पुतणीचा नवरा निपाणीच्या तंबाखू पिकवणाऱ्या घरातला, शेतकी पदवीधर. त्याला नैरोबीजवळच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये नोकरी लागली आणि पुतणीनं मला बोलावणं धाडलं, तेव्हा आक्का म्हणाली, "आफ्रिकेला? तिकडं कशाला जायलास रे? जायलासच तर हातात अंगठी-बिंगठी घालून जाऊ नको."

आज कुणी आवडीचं शहर विचारलं, तर बेळगावच्या पाठोपाठ नैरोबीचं नाव तोंडात येतं. हा लळा एका दिवसात लागला नाही. आधी हवेनं लावला, मग माणसांनी, आणि पक्का केला तो इतिहासानं. ज्या शहराच्या घडणीत आपल्या मुलखातल्या माणसांचे हात लागले आहेत, ते शहर आपल्याला परकं राहू शकत नाही. हे लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी.

लाल माती, काळी माती

पुतणीचं घर पार्कलँड्स भागात. आवाराला उंच भिंत, भिंतीवर विजेच्या तारा, फाटकावर दोन रखवालदार. पहिल्याच संध्याकाळी तिनं नियम सांगितले: काका, रस्त्यात फोन काढायचा नाही, अंधार पडल्यावर पायी जायचं नाही, गाडीच्या काचा वर ठेवायच्या. ही धास्ती उगाच नव्हे. या शहरानं खूप सोसलं आहे. 7 ऑगस्ट 1998 रोजी अमेरिकेच्या वकिलातीवर बॉम्बहल्ला झाला, त्यात नैरोबीत 213 माणसं गेली. त्यातली बहुतेक केनियातलीच, कामधंद्याला आलेली. 2013 मध्ये वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला. गरिबी आहे, त्यामुळं चोऱ्यामाऱ्याही आहेत. किबेरा आणि मथारेच्या पत्र्याच्या वस्त्यांत पाणी विकत घ्यावं लागतं.

तरी पहिल्या सकाळी गच्चीवर गेलो आणि अंगावर गार वारा आला. विषुववृत्त इथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर, पण शहर सतराशे मीटरच्या आसपास उंचीवर; म्हणजे आपल्या बेळगावच्या दुपटीहूनही वर. जुलैत दिवसचे दिवस ढगाळ जातात आणि स्वेटर निघत नाही. पाऊस दोनदा येतो, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर धाकटा. धाकट्या पावसाच्या तोंडावर जॅकरँडा फुलतो आणि रस्तेच्या रस्ते जांभळे होतात. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण नैरोबीनं ते आपलं करून टाकलं.

माती पाहिली आणि मी जागीच थांबलो. शहराच्या वायव्येला, किआंबू-लिमुरूकडं, लालभडक माती, चहा-कॉफीचे मळे. आग्नेयेला अथीच्या माळावर उतरलं की काळी, भेगाळणारी जमीन आणि क्षितिजापर्यंत गवत. आमच्याकडंही असंच: पश्चिमेला खानापूर-चंदगडची लाल माती आणि काजू, पूर्वेला गोकाक-अथणीची काळी रानं. बेळगाव दोन मातींच्या सांध्यावर आहे, नैरोबीही. शेतकऱ्याच्या पोराला एवढी ओळख पुरते.

अथीच्या त्याच माळाला लागून नैरोबी नॅशनल पार्क आहे. 117 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य 1946 साली राखून ठेवलं. तिथं जिराफ मान वर करतो तेव्हा त्याच्यामागं शहराच्या उंच इमारती दिसतात. सिंह आणि गेंडे राजधानीला इतके लागून राहतात, असं शहर जगात दुसरं दाखवणं अवघड. तीन बाजूंना कुंपण, दक्षिणेची बाजू मोकळी. जनावरांनी माळावर ये-जा करावी म्हणून ती मोकळी ठेवली आहे.

आगगाडीनं वसवलेलं गाव

1899 पूर्वी इथं शहर नव्हतं. मसाई लोक गुरं पाण्यावर आणायचे, अशी दलदलीची जागा. ब्रिटिशांनी 1896 मध्ये मोंबासा बंदरातून व्हिक्टोरिया सरोवराकडं रेल्वे टाकायला घेतली. 1899 च्या मे महिन्यात रूळ इथवर आले. पुढं चढ होता, म्हणून सामान, इंजिनं आणि माणसं इथं थांबवली. त्या तळाचंच पुढं शहर झालं. 1901 च्या अखेरीस रेल्वे सरोवराला पोचली.

हे रूळ आपल्या माणसांनी टाकले. सुमारे 32 हजार मजूर हिंदुस्थानातून करारावर नेले होते, बहुतेक पंजाबातले. त्यातले जवळपास अडीच हजार मेले: हिवतापानं, जुलाबानं, अपघातानं. काही त्सावोच्या नरभक्षक सिंहांच्या तोंडी गेले. साडेसहा हजारांहून अधिक तिथंच राहिले.

नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात तो डबा अजून उभा आहे, ज्यातून 1900 साली रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला सिंहानं ओढून नेलं. लोक तो बघायला जातात. मी मात्र रुळांकडं बघत राहिलो. मीटर गेज! हिंदुस्थानातलं सामान वापरता यावं, म्हणून तीच रुंदी घेतली होती. नव्वदच्या दशकापर्यंत मिरजेहून बेळगावमार्गे लोंढ्याला जाणारी आमची गाडी याच रुंदीच्या रुळांवरून धावायची.

रेल्वेपाठोपाठ दुकानदार, कारकून, डॉक्टर आले. आमच्या शेजारच्या गोव्याचे डॉ. रोझेंदो आयरेस रिबेरो 1900 साली आले आणि तंबूत दवाखाना थाटला. त्यांनी एक झेब्रा माणसाळवला होता आणि त्यावर बसून ते रोगी तपासायला जायचे. 1902 मध्ये बाजारात प्लेग आल्याचं त्यांनी ओळखलं. त्यावर गोऱ्या साहेबांचा उपाय एकच, हिंदी बाजार जाळून टाकला. पुढं शहर वाढलं ते कातडीच्या रंगानं वाटे पाडत. पश्चिमेचा उंच, थंड भाग गोऱ्यांचा. पार्कलँड्स आणि नगारा हिंदी लोकांचे. पूर्वेच्या सखल वस्त्या आफ्रिकनांच्या. 1920 च्या सुमारास आफ्रिकन पुरुषांना 'किपांडे' नावाचा ओळखदाखला धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवणं सक्तीचं झालं. आपल्याच देशात गळ्यात दाखला अडकवून फिरायचं! आजही शहराच्या नकाशावर ही वाटणी पुसट झाली आहे, पुसली गेलेली नाही.

औंधचे आप्पासाहेब

या वाटण्या न मानणारा एक मराठी माणूस 1948 साली नैरोबीत उतरला. आप्पासाहेब पंत. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव. औंधशी बेळगावचं नातं जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा 1910 साली बाळासाहेबांनीच आपल्या संस्थानात कुंडलजवळ माळरान दिलं आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. याच राजानं 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती सोपवला. आप्पासाहेब त्या प्रयोगात घडले. ऑक्सफर्डला शिकलेले, बॅरिस्टर, औंधचे पंतप्रधान राहिलेले.

नेहरूंनी त्यांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून पाठवलं. गोऱ्यांची अपेक्षा अशी, की त्यांनी हिंदी व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकावीत आणि गप्प बसावं. आप्पासाहेबांनी आफ्रिकनांसाठी घराचं दार उघडलं. आफ्रिकनांचे नेते जोमो केन्याटा त्यांच्याकडं येत-जात. आफ्रिकन मुलांना भारतात शिकता यावं, म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्यांसाठी खटपट केली. हिंदी लोकांना ते बजावून सांगत, की इथं राहायचं असेल तर आफ्रिकनांच्या बरोबरीनं राहा.

गांधीजींच्या हत्येनंतर तिथल्या हिंदी समाजानं स्मारकासाठी पैसे जमवले होते. त्यातून उभं राहणारं महाविद्यालय सगळ्या वर्णांच्या मुलांसाठी खुलं असावं, असा आप्पासाहेबांचा आग्रह होता. तो निधी पुढं रॉयल टेक्निकल कॉलेजात मिसळला आणि त्या कॉलेजचंच 1970 मध्ये नैरोबी विद्यापीठ झालं. आवारात गांधीजींचा पुतळा आहे, 1956 साली उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते उघडलेला. पुतळ्याच्या पायरीशी मुलंमुली वह्या पसरून बसलेली असतात. ज्या शहरात तेव्हा हॉटेलाच्या दारावर रंग बघायचे, तिथं सर्वांसाठी शाळा मागणारा माणूस औंधचा होता, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही.

ऑक्टोबर 1952 मध्ये केनियात आणीबाणी पुकारली गेली, केन्याटांना पकडलं. आप्पासाहेब आफ्रिकनांना फूस लावतात, अशी तक्रार लंडनमार्गे दिल्लीला गेली आणि 1954 साली त्यांना परत यावं लागलं. पुढं ते सिक्कीम-भूतानमध्ये, इंडोनेशियात, इजिप्तमध्ये, लंडनमध्ये भारताचे प्रतिनिधी राहिले. औंधच्या प्रयोगावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. पण त्यांच्या धैर्याची खरी परीक्षा नैरोबीत झाली, असं माझं मत आहे.

धारवाडात शिकलेला पोरगा

पार्कलँड्सला लागूनच सिटी पार्क नावाची जुनी बाग आहे. दाट झाडी आणि हातातला केळाचा घड हिसकावून नेणारी माकडं. बागेच्या कडेच्या कबरस्तानात पिओ गामा पिंटो यांची कबर आहे.

पिंटोंचा जन्म 31 मार्च 1927 चा, नैरोबीचाच. आईबाप गोव्याचे. आठव्या वर्षी त्यांना शिकायला गोव्यात पाठवलं. हडफड्याच्या सेंट जोसेफ शाळेतून मॅट्रिक झाल्यावर ते दोन वर्षं धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात विज्ञान शिकले. धारवाड काकतीहून शंभर किलोमीटरच्या आत. आमच्या गावची किती पोरं त्या कॉलेजात शिकली असतील! पुढं ते मुंबईत टपाल-तार खात्यात लागले, संपात उतरले, गोवामुक्तीच्या कामात पडले. पोर्तुगीज सरकार मागावर आलं तेव्हा 1949 मध्ये नैरोबीला परतले. तिथं वर्तमानपत्र चालवलं, कामगारांना संघटित केलं, ब्रिटिशांशी लढणाऱ्या माऊ माऊ बंडखोरांना मदत पोचवली. 1954 मध्ये ब्रिटिशांनी त्यांना स्थानबद्ध केलं, ते 1959 पर्यंत.

12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला. पिंटो संसदेत गेले आणि तिथंही गरिबांच्या जमिनीचा प्रश्न विचारत राहिले. सत्तेवर आता आपलीच माणसं होती, तरी त्यांनी आवाज खाली केला नाही. 24 फेब्रुवारी 1965 रोजी वेस्टलँड्समधल्या घराच्या फाटकाशी त्यांना गोळ्या घातल्या. मागच्या सीटवर धाकटी मुलगी होती. वय अवघं सदतीस. स्वतंत्र केनियातला हा पहिला राजकीय खून.

पिंटोंच्या शेजारी त्यांचे मित्र जोसेफ मुरुंबी चिरनिद्रा घेत आहेत. वडील गोव्याचे, आई मसाई, शिक्षण बेंगळुरूत. 1966 मध्ये ते केनियाचे उपराष्ट्रपती झाले आणि काही महिन्यांतच पद सोडून दिलं. मित्राजवळच आपल्याला पुरावं, ही त्यांची इच्छा होती. मी दोन्ही कबरींवर फुलं वाहिली. पुतणीच्या नवऱ्यानं पॉलिहाऊसमधून आणलेले गुलाब होते. हात जोडताना मनात एकच विचार, या दोघांना घडवण्यात धारवाड आणि बेंगळुरूचाही वाटा आहे.

शहराच्या मध्यावर, किमाथी रस्त्यावर, डेडन किमाथीचा पुतळा आहे. एका हातात बंदूक, दुसऱ्यात खंजीर, केसांच्या जटा. जंगलातून ब्रिटिशांशी लढलेल्या माऊ माऊंच्या या सेनानीला 18 फेब्रुवारी 1957 रोजी फाशी दिलं. बरोबर पन्नास वर्षांनी, 2007 मध्ये, हा पुतळा उभा राहिला. काकती हे कित्तूर चन्नम्मा राणीचं माहेर. 1824 मध्ये तिनं इंग्रजांचा पराभव केला, पुढं बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेतच 1829 साली ती गेली. बेळगावच्या चौकात घोड्यावरच्या राणीला बघत मोठा झालेला माणूस किमाथीसमोर उभा राहिला की परका कसा राहील? 2013 साली ब्रिटिश सरकारनं माऊ माऊ काळातल्या छळाबद्दल खेद व्यक्त केला आणि 5,228 वृद्ध केनियन लोकांना भरपाई मान्य केली. न्याय साठ वर्षांनी आला, तोही लढून मिळवावा लागला.

कामुकुंजीची शेगडी

इतिहासानं आदर दिला, पण जीव जडला तो कामुकुंजीत. तिथं जायला 'मटाटू' घ्यावी लागते. ही खाजगी मिनीबस अंगभर रंगवलेली, आत दणदणीत गाणी, दारात लोंबकळणारा कंडक्टर. भाडं मोबाइलवरून दिलं. एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवायची सोय केनियात 2007 पासून आहे. आपल्याकडं यूपीआय आलं 2016 साली. नैरोबीत भाजीवालीपासून रखवालदारापर्यंत सगळे एम-पेसा वापरतात.

कामुकुंजी म्हणजे पत्राकामाचा बाजार. हजारो कारागीर उन्हात, पत्र्याच्या छपराखाली ठोकाठोक करत असतात. माझी उमेदीची वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत गेली, त्यामुळं लांबूनच आवाज ऐकून पावलं भरभर पडू लागली. एका कारागिराजवळ बसलो. तो शेगडी करत होता. तेलाचं रिकामं पिंप उभं चिरून, ठोकून सपाट केलेलं. त्यावर खडूनं आखणी. छिन्नी आणि हातोडा, बस्स. ना कात्री, ना वेल्डिंग. ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा जमिनीत पक्का रोवलेला. त्यावर पत्र्याची कड वळवायची, दुसऱ्या कडेत अडकवायची, वरून ठोकून सांधा बसवायचा, दोन रिबिटी मारायच्या. खाली राख काढायचं दार, कमरेला निमुळती, वर पुन्हा रुंद. एकूण आकार डमरूचा. वरच्या भागात भाजलेल्या मातीचं भोकाभोकांचं अस्तर बसतं. त्यामुळं उष्णता टिकते आणि कोळसा बराच वाचतो. ही सुधारित शेगडी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, थायलंडच्या शेगडीवरून धडा घेऊन, केनियात तयार झाली आणि घरोघर गेली.

मी खुणेनं हातोडा मागितला. त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि दिला. एक कड मी वळवली. त्यानं सांध्यावरून अंगठा फिरवला, मान डोलावली आणि शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, हासुद्धा मिस्त्रीच आहे. मग चहा आला, दुधाचा, साखर घातलेला. सोबत चपाती आणि घेवड्याची उसळ. चपाती आपल्या माणसांनी तिथं नेली आणि आता ती केनियातल्या प्रत्येक घराची झाली आहे. जेवताना त्यानं विचारलं, तुमच्याकडं पत्र्याचा भाव काय? कोळसा काय भावानं? मुलांच्या शाळेची फी किती? उद्यमबागेतही दुपारच्या सुट्टीत याच गोष्टी निघतात.

झाडांसाठी मार खाल्लेली बाई

शहराच्या उत्तरेला करुरा नावाचं हजारेक हेक्टरांचं जंगल आहे. धबधबा, बांबूची बनं, रविवारी सायकली चालवणारी पोरं. हे जंगल आज आहे ते वांगारी मथाई यांच्यामुळं. 1971 साली नैरोबीतच डॉक्टरेट मिळवलेल्या या बाईंनी 1977 मध्ये खेड्यापाड्यातल्या बायकांना घेऊन ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. 1989 मध्ये उहुरू पार्क या मैदानात साठ मजली इमारत उठणार होती. बाई आडव्या गेल्या. सत्ताधाऱ्यांनी त्यांची टवाळी केली, पण इमारत रद्द झाली. मग करुराची जमीन बिल्डरांना वाटल्याचं उघड झालं. जानेवारी 1999 मध्ये त्या तिथं रोप लावायला गेल्या तेव्हा भाडोत्री गुंडांनी त्यांचं डोकं फोडलं. जंगल मात्र वाचलं. 2004 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, आफ्रिकेतल्या स्त्रीला मिळालेलं पहिलं.

महामार्ग रुंद होताना आमच्या भागातली मोठमोठी झाडं गेली, आणि आम्ही बाजूला उभं राहून बघितलं. करुराच्या वाटेवर चालताना हे आठवलं आणि मान खाली गेली. 2024 च्या जूनमध्ये नव्या करांविरुद्ध नैरोबीची तरुण पोरं रस्त्यावर उतरली, गोळ्या झेलल्या आणि सरकारला ते विधेयक मागं घ्यायला लावलं. अन्याय निमूट गिळायचा नाही, ही या शहराची सवयच आहे.

आपलं देणं

नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, मोदक होतात. मुलं मराठीत आरती म्हणतात, हे बघून ऊर भरून येतो. पण एक गोष्ट सलते. आपल्या बऱ्याच घरांत आफ्रिकन माणूस येतो तो कामालाच. त्याचा कप वेगळा, ताट वेगळं. शेजारी म्हणून, मुलांचा मित्र म्हणून, जेवायला बोलावलेला पाहुणा म्हणून तो क्वचितच दिसतो. पुतणीच्या घरी मात्र तिच्या मुलीच्या वर्गातली किकुयू जमातीची मैत्रीण आमच्या पंक्तीला बसून थालीपीठ खायची, आणि तिची आई डब्यातून उकडलेल्या मका-घेवड्याची गिथेरी पाठवायची. मला त्या घराचा अभिमान वाटला.

2017 च्या जुलैमध्ये केनिया सरकारनं तिथल्या आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची 44 वी जमात म्हणून मान्यता दिली. ज्यांच्या गळ्यात एकेकाळी किपांडे होता, त्यांनी आपल्या माणसांना सामावून घेतलं. आपण काय करतो? आफ्रिकेतली मुलं पुण्यात, बेंगळुरूत वर्षानुवर्षं शिकायला येतात; बेळगाव-धारवाडच्या कॉलेजांतही दिसतात. त्यांना भाड्यानं खोली मिळत नाही. रस्त्यात लोक वळून बघतात, नावं ठेवतात. आप्पासाहेब पंतांनी ज्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, ही त्यांचीच नातवंडं-पतवंडं.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. नैरोबीला जायला जमलं तर अवश्य जा. सिंह बघा, पण कामुकुंजी आणि सिटी पार्कही चुकवू नका. जमलं नाही तर एवढं करा: तुमच्या गल्लीत आफ्रिकेतलं पोर खोली विचारत आलं, तर कॉलेजचं ओळखपत्र बघा, भाडं ठरवा आणि खोली द्या. सणाच्या दिवशी त्याला घरी बोलवा आणि आपल्या पोरांच्या शेजारी जेवायला बसवा.